जमिनीचा दाखला

बीड शहराच्या स्थानकात पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाल्याला सत्त्याहत्तर वर्षे पुरी झाली त्या दिवशी. जिल्ह्यातल्याच परळीला रूळ निजामाच्या काळापासून आहेत, ही गोष्ट वेगळी. पण जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला आगगाडीचे दर्शन घडण्याच्या कितीतरी आधीपासून आकाशातून उतरणारी याने आम्हांला नित्याची झाली होती, आणि ती उतरवून घेण्याच्या सरबराईत ज्यांच्या नोकरीचा बराचसा काळ गेला अशा लोकांपैकी मी एक आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात मी कनिष्ठ अभियंता म्हणून दाखल झालो तेव्हा रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या आणि विश्रामगृहाचे गळके छप्पर एवढेच आपल्या वाट्याला येईल अशी माझी समजूत होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय नावाचे एक कार्यालय दिल्लीत आहे आणि त्याच्या परिपत्रकांशी आपला काही संबंध पोहोचतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. अभियांत्रिकीच्या परीक्षेतही त्यावर प्रश्न आला नव्हता.

जिल्ह्यात प्रवासी विमान उतरेल असा तळ नाही. पुढाऱ्यांचे दौरे, निवडणुकीच्या सभा, गडांवरचे मेळावे, कारखान्याच्या मोळीपूजनाचे समारंभ या सर्वांसाठी हेलिकॉप्टर येते, आणि ते जेथे उतरावयाचे ती जागा आदल्या दिवशीपर्यंत कोणाचे तरी गायरान, शाळेचे पटांगण किंवा नांगरून टाकलेले रान असते. रात्री दहाच्या सुमारास जिल्हाधिकारी कार्यालयातून निरोप यावा, उजाडता जागेवर मुरूम पडावा, दुपारपर्यंत दबाई होऊन फक्कीचे आखणीकाम संपावे, आणि संध्याकाळी अक्षांश-रेखांशासह दाखला रवाना व्हावा, असा या कामाचा क्रम असे. ‘सदर हेलिपॅड हेलिकॉप्टर उतरण्यास व उड्डाण करण्यास योग्य व सुरक्षित आहे’ या वाक्याखाली जो सही करी, त्याने बहुधा आयुष्यात एकदाही विमानात पाय ठेवलेला नसे. मी स्वतः पहिला विमानप्रवास केला तो निवृत्तीनंतर, मुलाकडे जाताना. तोवर अशा कागदांवर माझ्या सह्या भरपूर झाल्या होत्या.

जागा कशी असावी याचे मोजमाप आंतरराष्ट्रीय संकेतांनी ठरवून दिलेले आहे, आणि ते आमच्या दप्तरात एका जुन्या फायलीत, टंकलिखित प्रतीच्या प्रतीच्या प्रतीवर, कसेबसे वाचता येईल अशा अवस्थेत होते. पंख्यासकट यंत्राची जी एकूण लांबी, तिच्या निदान दीडपट रुंदीचे मोकळे व सपाट क्षेत्र हवे. चढउतार शंभराला तीनहून अधिक नसावा. मधोमध इंग्रजी ‘एच’ अक्षर, तीन मीटर उंच, एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद, आणि त्याची रेघ चाळीस सेंटिमीटर जाडीची. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून कापडी नळकांडे, दोन मीटर चाळीस लांबीचे, एका तोंडाला साठ सेंटिमीटर व दुसऱ्याला तीस, खांबाला टांगावयाचे. ते बाजारात तयार मिळत नसल्यामुळे शिंप्याकडून शिवून घ्यावे लागे. आमचा शिंपी पहिल्या खेपेस म्हणाला, ‘‘साहेब, ही कुण्या गड्याची विजार, एकाच पायाची?’’ आणि तरीही त्याने ते इतके बेतशीर कापले की मंद वाऱ्यातसुद्धा ते हलके उचलले जाई. कापड नारिंगी व पांढरे असावे, कारण मातीच्या पार्श्वभूमीवर तो रंग वरून चटकन दिसतो. एका निवडणुकीच्या हंगामात मात्र या नारिंगी रंगावरून आमच्याविरुद्ध लेखी तक्रार झाली: सरकारी खर्चाने अमुक पक्षाचे निशाण फडकविले म्हणून. मी खुलाशादाखल मोजमापाच्या पानाची नक्कल जोडली. तक्रारदाराचे समाधान झाले की नाही ते कळले नाही, पण पुढच्या सभेस तांबडे-पांढरे कापड वापरले, तेही नियमात बसत होते, आणि त्या रंगावर त्या वर्षी कोणाचा हक्क नव्हता.

ही गंमत झाली. तिच्या मागे जो विचार मला पुढे पुष्कळ वर्षे छळीत राहिला तो असा, की आकाशात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दाखला लागतो, आणि त्या दाखल्यांचे वजन सारखे नसते. यंत्राला उड्डाणयोग्यतेचा दाखला. तो मिळण्याआधी त्याच्या प्रत्येक भागाची रुजुवात होते आणि मिळाल्यावरही मुदतीगणिक पुन्हा तपासणी चुकत नाही. वैमानिकाला परवाना, वैद्यकीय तपासणी, उड्डाणतासांची वही. या बाबतीत नियमनकर्ते किती कडक असू शकतात याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपातील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ च्या फेब्रुवारीत ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात सर्वांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, आणि चाचणी उड्डाणाची परवानगी हातात पडावयास २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. या दिरंगाईबद्दल त्या वेळी मराठी वर्तमानपत्रांनी सरकारी खाक्याला पुष्कळ बोल लावले, आणि त्यातला काही भाग न्याय्यही असेल. परंतु नवख्या यंत्राला हवेत सोडण्यापूर्वी अधिकाऱ्याने दहा वेळा विचार करावा यात मला वावगे दिसत नाही. मला खटकत असे ते निराळेच. यंत्राच्या दाखल्याला वर्षे लागतात, माणसाच्या परवान्याला शेकडो तासांचे शिक्षण लागते, आणि ज्या भूमीवर ते यंत्र व तो माणूस टेकावयाचा, तिचा दाखला एका रात्रीत, कंदिलाच्या उजेडात, माझ्यासारखा इसम देतो.

विमान वाहतुकीचे कायदे आपल्याकडे जुनेच होते. मूळ अधिनियम १९३४ चा, त्याखालील नियम १९३७ चे; त्यांवर पुढे परिपत्रकांचे व आवश्यकतांचे थर चढत गेले, आणि त्यांतल्या अनेक थरांखाली कोणती ना कोणती दुर्घटना आहे. अतिविशेष व्यक्तींच्या उड्डाणांविषयी १९८१ साली परिपत्रक निघाले. वैमानिक किती अनुभवी असावेत, हवामान कसे असावे, यंत्राची देखभाल कशी व्हावी, याचा त्यात ऊहापोह होता, आणि पुढे त्यात वेळोवेळी भर पडत गेली. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे विमान अपघातात गेले. ३ मार्च २००२ रोजी लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांचे हेलिकॉप्टर आंध्रात कैकलूरजवळ नारळीच्या झाडाला अडकून मत्स्यतळ्यात पडले. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी नल्लमलाच्या अरण्यात, दोन वर्षांनी अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू तेथील डोंगरात. अशी प्रत्येक बातमी आली की महिन्या-दोन महिन्यांत आमच्याकडे वरून कडक शब्दांची ताकीद येई, काही दिवस सर्वांची धावपळ होई, आणि मग फाईल पुन्हा कपाटात जाई. या ताकिदींचा रोख बहुतेक आकाशाकडे असे: ढग, दृश्यमानता, वैमानिकाचे तास. आमच्या मराठवाड्याने मात्र दोन वेळा असे दाखविले आहे की घात व्हावयाचा तो जमिनीच्या काठावर होतो.

पहिली वेळ २६ एप्रिल १९९३ ची. औरंगाबादेहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान, उड्डाण क्रमांक ४९१, चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून भर उन्हात उचलले गेले ते उशिरा आणि अपुरे. धावपट्टीच्या टोकापलीकडून जो रस्ता जातो त्यावर त्या क्षणी दाबलेल्या कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचे डाव्या बाजूचे चाक व इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला, रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर, जाऊन धडकला, आणि तेथून काही अंतरावर उच्च दाबाच्या विद्युततारांना लागून विमान शेतात कोसळले. आत एकशे अठरा माणसे होती. त्यांतील पंचावन्न गेली. चौकशीत दोन कारणे नमूद झाली: वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास केलेला विलंब व त्याची चुकीची रीत, हे एक, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील रहदारीचे नियमन करण्यात विमानतळाच्या प्राधिकरणाकडून झालेली कसूर, हे दुसरे. तो रस्ता अहवालात ‘बीड रोड’ या नावाने आला आहे.

त्या दिवसांत आमच्या कार्यालयात दुसरा विषय नव्हता. आम्ही रस्तेवाले, कापसाच्या गाठींचे ट्रक त्या बाजूला जाताना रोज पाहणारे, ट्रकची उंची, गाठींची रचना, दोर कसा आवळतात, हे सारे आमच्या परिचयाचे. वैमानिकाच्या चुकीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नव्हता, पण रस्त्याविषयी होता. धावपट्टीच्या टोकाशी फाटक आहे, त्याला माणूस आहे, आणि विमान सुटताना त्या माणसाने फाटक लावावयाचे आहे, एवढीशी गोष्ट कोणत्या खात्याच्या अखत्यारात येते याचा निकाल त्यापूर्वी कोणी हिंमतीने लावला असता तर त्या दुपारी ट्रक शंभर कदम मागे उभा राहिला असता. विमान तरीही उशिराच उचलले गेले असते. पण त्याच्या वाटेत कापूस नसता. नियमाची सारी शक्ती अशा ‘नसता’मध्ये साठविलेली असते, आणि म्हणूनच तिचा हिशोब कोणाला दाखविता येत नाही, बिलात तर नाहीच नाही.

दुसरी वेळ शेजारच्या लातूर जिल्ह्यातील निलंग्याची, २५ मे २०१७ ची. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे सिकोर्स्की बनावटीचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच वाऱ्याच्या बदलत्या झोतात सापडले, वैमानिकाने परत उतरण्याचा निर्णय घेतला आणि खाली येताना ते वीजवाहिनीच्या तारांत अडकून कोसळले, असे त्या वेळी जाहीर झाले. सुदैवाने सर्व जण वाचले. चौकशी विमान अपघात अन्वेषण विभागाकडे गेली. हा विभाग २०१२ साली निघाला, तत्पूर्वी नियम करणारे महासंचालनालयच अपघाताची चौकशीही पाही. ज्याने नियम केले त्यानेच ते पुरेसे होते की नाही हे ठरवावे, ही पद्धत मोडली ही गेल्या काही वर्षांतील मला सर्वांत समंजस वाटलेली सुधारणा होय.

निलंग्यानंतर आमच्याकडे दाखल्यांची संख्या वाढली. वीज कंपनीच्या अभियंत्याचा स्वतंत्र दाखला आला, तहसीलदारांचा आला, पोलिसांचा होताच. सह्या वाढल्या की सुरक्षितता वाढते अशी आपल्या राज्यकारभाराची श्रद्धा आहे, आणि मी तिची टवाळी करणार नाही, कारण एका सहीने तरी काम केले: वीज कंपनीचा कागद मागावयाचा म्हणून लाईनमन जागेवर येऊ लागला. तार वरून दिसत नाही. दुपारच्या उन्हात ती वैमानिकाच्या डोळ्यांना विरून जाते; दिसतो तो खांब, आणि एक खांब दिसला की दुसरा शोधून मधली तार मनाने ओढावयाची असते. ही गोष्ट मला सैन्यातून निवृत्त झालेल्या एका वैमानिकाने हेलिपॅडच्या कडेला उभ्या उभ्या चहा पिता पिता सांगितली. ‘‘साहेब, तुम्ही मला ‘सुरक्षित’ असे लिहून पाठवता, त्याचा मला उपयोग नाही,’’ तो म्हणाला. ‘‘खांब कुठल्या दिशेला, किती अंतरावर, वारा सकाळी कुठून होता आणि जमीन कशाने झाकली आहे, एवढे सांगा. सुरक्षित आहे की नाही ते मी ठरवीन.’’ त्यानंतर मी दाखल्याच्या ठरीव वाक्याखाली हाताने चार ओळी लिहू लागलो. कार्यालयात प्रथम कुरकुर झाली, कारण छापील मसुद्यात तशी जागा नव्हती. पण कुरकुर करणाऱ्यांपैकी कोणी त्या ओळी खोडण्यास मात्र पुढे आला नाही.

जमीन कशाने झाकली आहे, या प्रश्नाने मला निलंग्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ च्या उन्हाळ्यात, चांगलेच कोंडीत धरले होते. पंख्याच्या वाऱ्याने धूळ उठली की उतरण्याच्या शेवटच्या काही क्षणांत वैमानिकाला भुई दिसेनाशी होते. म्हणून जागेवर पाणी मारून धूळ बसवावयाची, ही सर्वत्र चालत आलेली रीत. परंतु त्या वर्षी पाणी कोठे होते? बिंदुसरा नदीच्या पात्रात कोरडा वाळवंटी पट्टा पडला होता, गावोगाव टँकरच्या खेपा मोजून दिल्या जात होत्या, आणि एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली होती. त्याच आठवड्यात लातूर जिल्ह्यातील बेलकुंड येथे एका मंत्र्याच्या हेलिपॅडवर धूळ बसविण्यासाठी दहा हजार लिटर पाणी ओतल्याची बातमी देशभर गाजली. लोक संतापले ते योग्यच होते. पण त्या बातमीत ज्या अभियंत्याने टँकर मागविला असेल त्याच्याविषयी मला कणव आल्यावाचून राहिली नाही, कारण धूळ उडाली असती तरी जाब त्यालाच द्यावा लागला असता.

तशीच पाळी आमच्यावर पाटोद्याकडच्या एका गावी आली. दौरा ठरला होता तो टंचाईच्या पाहणीचा, हे विशेष. मी जागा पाहावयास गेलो तेव्हा शाळेमागच्या माळावर घोट्याएवढा फुफाटा होता, आणि पलीकडे टँकरच्या प्रतीक्षेत घागरींची रांग लागली होती. रांगेतली एक म्हातारी उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘‘लेकरा, ते इमान उतरायचंय म्हून ह्या भुईला पाणी पाजणार म्हंत्यात, खरं का? मग आमच्या घागरी बी तितंच आणून ठिवाव का?’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता, चौकशी होती. आणि रागाला उत्तर देणे मला जमले असते. मी जीपमध्ये बसून ती जुनी फाईल पुन्हा वाचली. धूळ उडू नये असे त्यात होते. पाणी मारावे असे कोठेही नव्हते. पाणी ही आमची सवय होती, नियम नव्हता. प्रथम जवळच्या जिनिंग कारखान्याचे सिमेंटचे आवार पाहिले. ते प्रशस्त होते, परंतु कोपऱ्याकोपऱ्यांत सरकीचे तंतू साचलेले, आणि इंजिनाने ते आत ओढले तर धुळीपेक्षा वाईट, म्हणून ते सोडले. शेवटी बाजार समितीचे फरसबंदी आवार पसंत केले, जे गावापासून बरेच दूर होते, आणि तेथून पाहुण्यांनी मोटारीने यावे असा प्रस्ताव लिहून पाठविला. स्वागत समितीने त्यावर मोठा गहजब केला. गावाच्या वेशीवर हेलिकॉप्टर न दिसणे हा गावाचा अपमान आहे असे तिचे म्हणणे. त्यांनी लाल गालिचाही आणून ठेवला होता, आणि पंख्याखाली सुटा गालिचा म्हणजे काय अनर्थ, हे त्यांना समजाविण्यात माझी दुपार गेली. अखेर प्रस्ताव मंजूर झाला, त्या दिवशी टँकरची खेप गावात ठरल्या वेळी गेली, आणि पाहुण्यांनी मोटारीच्या खिडकीतून जो रस्ता पाहिला तो टंचाईच्या पाहणीला अनुकूलच होता.

वैमानिकांविषयी एक गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे. पुढाऱ्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात मी क्वचित पाहिला. वैमानिक मात्र म्हणत, आणि तेही आवाज न चढविता. दृश्य-नियमांखालील उड्डाण आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे चालत नाही. एका मेळाव्यात भाषणे लांबली, सूर्य डोंगराला टेकला, आणि पाहुणे व्यासपीठावरून उतरेपर्यंत वैमानिकाने यंत्र दोरांनी बांधून टाकले होते. स्वीय सहाय्यक त्याच्यावर धावून गेला. त्याने घड्याळ दाखविले व म्हटले, ‘‘साहेबांना गाडीने न्या, सकाळी मी रिकामे घेऊन येतो.’’ बीड ते औरंगाबाद हा प्रवास त्या वेळी सुखाचा नव्हता, तरी पाहुणे गेले. त्या माणसाची नोकरी टिकली का, हे मी पुढे विचारले होते, टिकली होती.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ चा अधिनियम जाऊन भारतीय वायुयान अधिनियम अमलात आला आहे. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीची मर्यादा छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीसवर गेली, रात्रीच्या अवतरणांवर अधिक कडक निर्बंध आले, आणि त्यांची पूर्ण अंमलबजावणी होताच त्या डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा त्यांतील काही तरतुदींना तात्पुरती सूट द्यावी लागली. नियम जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर असता माणसे वेळेवर का भरली नाहीत, हा प्रश्न मला बांधकाम खात्यातल्या ठेकेदारांमुळे फारसा अपरिचित वाटला नाही. त्याहून मी लक्ष दिले ते दुसऱ्या कागदाकडे. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या भीषण अपघातानंतर अवघ्या आठवड्याच्या आत, विमानतळांभोवतालचे उंच अडथळे पाडण्याविषयीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला. इमारती व झाडे यांची उंची मर्यादेबाहेर असल्यास मालकाला नोटीस द्यावी, मोजमाप घ्यावे, न ऐकल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कारवाई व्हावी, असा त्याचा आशय. उशिरा का होईना, नियमाचा डोळा जमिनीकडे वळला. परंतु तो वळला आहे तो अधिसूचित विमानतळांभोवती. ज्या ठिकाणी आज शेळ्या चरतात आणि उद्या राज्याचा मंत्री उतरतो, तेथे अजूनही एका रात्रीचा मुरूम आणि एका अभियंत्याची सही एवढीच मदार आहे.

माझ्या जागी आलेल्या तरुण अभियंत्याने कार्यभार घेताना मला विचारले, की ही हेलिपॅडची फाईल कोणत्या मथळ्याखाली ठेवू, रस्ते की इमारती. दोन्हींत ती बसत नव्हती, म्हणून आजवर ती ‘किरकोळ’मध्ये होती. मी त्याला म्हटले, वेगळे नाव दे, त्यात मोजमापाच्या पानाची स्वच्छ प्रत करून लाव, लाईनमनचा फोन नंबर पहिल्या पानावर लिही, आणि दाखल्याखालच्या त्या चार ओळींसाठी छापील मसुद्यात जागा मागून घे. त्याने तसा प्रस्ताव वर पाठविला आहे.